आयातशुल्क वाढले आणि चलन घसरले, तर जिंकते कोण? १९८५चा जपान आणि आजचा चीन

वाणिज्य-शिक्षक, सांगली

सप्रेम नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवतो. गेल्या आठवड्यात अमेरिका आणि चीन यांच्या व्यापारसंघर्षावर तास चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, अमेरिकेने चिनी मालावर दहा टक्के शुल्क लावले आणि चीनने आपले चलन दहा टक्क्यांनी घसरू दिले, तर शुल्काचा परिणाम पुसलाच गेला ना? मग हे भांडण इतकी वर्षे चालले आहे ते कशासाठी?" मी पुस्तकातले उत्तर दिले, म्हणजे 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास' वगैरे. तिचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

त्यातूनच दुसरा प्रश्न निघाला. १९८५ साली न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात झालेल्या करारात जपानने येन महाग होऊ देण्याचे मान्य केले. तशाच टेबलापाशी चीनला आणून बसवणे अमेरिकेला का जमलेले नाही? आमच्या पाठ्यपुस्तकात प्लाझा करारावर एक परिच्छेद आहे आणि युआनवर दोन. बँकेत, प्रत्यक्ष आयात-निर्यातीत किंवा जपान-चीनमध्ये ज्यांनी काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहिल्यास मला ते वर्गात वाचून दाखवता येईल.

निवृत्त बँक अधिकारी (परकीय चलन विभाग), ठाणे

सर, आपल्या विद्यार्थिनीचे गणित बरोबर आहे. आधी तेच खऱ्या आकड्यांत मांडतो. २०१८च्या एप्रिलमध्ये एका डॉलरला साधारण ६.२८ युआन मिळत होते आणि २०१९च्या सप्टेंबरच्या आरंभी ७.१८ मिळू लागले. चिनी कारखान्याला एखाद्या वस्तूचे ६२८ युआन हवे असतील, तर ती आधी अमेरिकेला १०० डॉलरना पडत होती आणि आता सुमारे साडेसत्याऐंशी डॉलरना द्यायला परवडते. त्यावर दहा टक्के शुल्क भरले तरी किंमत ९६ डॉलरच्या आसपास राहते, म्हणजे मूळ किमतीपेक्षाही कमी. पंचवीस टक्के भरले तर ती १०९ डॉलरवर जाते. तेव्हा कागदावर पाहिले तर दहा टक्क्यांचे शुल्क युआनने पुसले आणि पंचवीस टक्क्यांचे निम्म्याहून अधिक पुसले.

प्रत्यक्षात मात्र चिनी निर्यातदारांनी डॉलरमधली किंमत फारशी उतरवलीच नाही. २०१८-१९मधल्या शुल्कांचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की शुल्काचा जवळजवळ सगळा बोजा अमेरिकी आयातदारांनी उचलला. गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातही सीमेवरच्या किमतीबाबत हेच दिसले. युआन घसरल्याचा फायदा किमतीत उतरण्याऐवजी बराचसा चिनी कारखान्याच्या युआनमधल्या नफ्यात मुरला. म्हणून शुल्क आणि विनिमय दर यांची वजाबाकी फळ्यावर होते तशी बंदरावर होत नाही.

आता युआन घसरला की घसरवला, याविषयी. युआनचा दर रुपयासारखा दिवसभर बाजाराच्या हाती सोडलेला नसतो. पीपल्स बँक ऑफ चायना, म्हणजे चीनची मध्यवर्ती बँक, रोज सकाळी सव्वानऊ वाजता एक मध्यदर जाहीर करते आणि देशांतर्गत बाजारात त्या दिवशी युआन त्या दराच्या वर किंवा खाली दोन टक्क्यांपर्यंतच हलू शकतो. आपल्याकडे तेव्हा पावणेसात वाजलेले असतात. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत सकाळच्या चहाआधी तो आकडा पाहण्याची मला सवय लागली होती. सोमवार, ५ ऑगस्ट २०१९ची सकाळ मला स्वच्छ आठवते. आधीच्या गुरुवारी अध्यक्ष ट्रम्प यांनी उरलेल्या सुमारे ३०० अब्ज डॉलरच्या चिनी मालावर दहा टक्के शुल्काची घोषणा केली होती. सोमवारचा मध्यदर ६.९२च्या आसपास आला आणि काही वेळातच युआनने एका डॉलरला सात ही पातळी ओलांडली, जी २००८नंतर त्याने ओलांडली नव्हती. आम्ही डीलिंग रूममध्ये पोहोचलो तोवर आशियातली सगळी चलने खाली निघाली होती. त्या दिवशी रुपयाही एका रुपयाहून अधिक घसरून ७०च्या पलीकडे बंद झाला. त्याच दिवशी अमेरिकेच्या अर्थखात्याने चीनवर 'चलनात फेरफार करणारा देश' असा शिक्का मारला. १९९४नंतर असा शिक्का कोणावरही बसला नव्हता.

माझे स्पष्ट मत असे की हा ठपका चुकीच्या वेळी ठेवला गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जुलै २००५पर्यंत युआन डॉलरला ८.२८ या दराला जवळजवळ खिळून होता. निर्यातीतून येणारे डॉलर मध्यवर्ती बँक विकत घेत होती आणि तिची परकीय चलनाची गंगाजळी फुगत होती. युआन मुद्दाम स्वस्त ठेवला गेल्याची तक्रार त्या शतकारंभीच्या वर्षांना लागू पडते. २०१५नंतर चित्र पालटले होते. ११ ऑगस्ट २०१५ रोजी मध्यदर एकदम १.९ टक्के खाली आणला गेला आणि लोकांनी त्याचा अर्थ 'आता हे आणखी पडणार' असा घेतला. पैसा देशाबाहेर धावू लागला. २०१४च्या जूनमध्ये जवळपास ४००० अब्ज डॉलर असलेली गंगाजळी २०१७च्या जानेवारीत ३००० अब्जांच्या किंचित खाली आली. त्यातला मोठा हिस्सा युआनला टेकू देण्यासाठी डॉलर विकण्यात गेला. म्हणजे त्या काळात चीन आपले चलन पाडत नव्हता, पडणारे चलन सावरत होता. अमेरिकेच्या २०१५च्या कायद्यात फेरफार ओळखण्याच्या तीन कसोट्या आहेत आणि २०१९मध्ये चीन त्यांपैकी एकाच कसोटीत सापडत होता. शिक्का मारण्यासाठी १९८८चा जुना कायदा काढावा लागला. १३ जानेवारी २०२०ला, अमेरिका-चीन व्यापाराच्या पहिल्या टप्प्याच्या करारावर सह्या होण्याच्या दोन दिवस आधी, तो शिक्का पुसलाही गेला.

२०१५चा तो धडा बीजिंगच्या मनातून गेलेला नाही, असे मला वाटते. २०२५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचे वाढीव शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेले आणि चीनने १२५ टक्क्यांनी उत्तर दिले, तेव्हा युआन किती घसरला? डॉलरला ७.३५च्या जवळ जाऊन तो परत फिरला. एवढ्या शुल्काला चलनाने उत्तर द्यायचे तर ते निम्म्याहून खाली आणावे लागले असते. त्याने आधी चिनी बँकांचे आणि डॉलरमध्ये कर्ज काढलेल्या चिनी कंपन्यांचे कंबरडे मोडले असते. चीनने त्याऐवजी दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्यांची अट घातली आणि मे महिन्यात जिनिव्हात दोन्ही बाजूंनी शुल्क खाली आणले. चलन हे असे हत्यार आहे की त्याला मूठ नाही, दोन्हीकडे पातेच आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढे उत्तर आहे. जपानविषयी तिथे राहणाऱ्यांनी लिहावे.

हमामात्सू, जपान

मी मूळचा चिंचवडचा. गेली सतरा वर्षे हमामात्सूत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. अर्थशास्त्र माझा विषय नाही, पण प्लाझा करार या गावात इतिहासाचा धडा म्हणून शिकावा लागत नाही, तो लोकांच्या बोलण्यातच येतो.

आमच्या कारखान्याला लेथवरचे बारीक भाग पुरवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. अकरा माणसांची कार्यशाळा होती आणि घर तिच्याच माडीवर. तिथे त्यांनी मला एकदा जुन्या हिशेबाच्या वह्या दाखवल्या. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्या दिवशीचा डॉलरचा दर लिहिलेला होता. ते स्वतः काहीच निर्यात करत नसत, त्यांचे गिऱ्हाईक निर्यात करी. करार झाला २२ सप्टेंबर १९८५ला, रविवारी. सोमवारी जपानमध्ये शरद संपाताची सुट्टी होती, त्यामुळे त्यांच्या वहीत करारानंतरचा पहिला दर मंगळवारच्या पानावर होता. करारापूर्वी २४० येनच्या वर असणारा डॉलर त्या पानावर २३०च्या घरात होता, वर्षाच्या शेवटच्या पानावर २०० आणि १९८७ सरता सरता १२०च्या घरात. दर सहा महिन्यांनी मोठी कंपनी भागांची किंमत कमी करण्यास सांगे आणि ते कमी करत. "डॉलर मी कधी हातात धरला नाही, पण माझी मजुरी त्यानेच ठरवली," असे ते म्हणाले होते. इथे या काळाला 'येन-चढीची मंदी' असे नावच पडले.

जपानने हे मान्य का केले, याविषयी इथल्या ज्येष्ठांशी बोलताना दोन कारणे ऐकू येतात. एक म्हणजे संरक्षण. १९६०च्या सुरक्षा करारानुसार जपानची पाठराखण अमेरिकी सैन्य करते आणि ओकिनावापासून योकोसुकापर्यंत त्यांचे तळ आहेत. ज्याच्या छत्राखाली उभे राहायचे, त्याला विनिमय दरावर ठाम नकार देता येत नाही. दुसरे कारण म्हणजे त्याहून वाईट काही टळेल ही आशा. अमेरिकी काँग्रेसमध्ये जपानी मालाविरुद्ध विधेयकांची रांग लागली होती. मोटारींच्या निर्यातीवर जपानने १९८१पासूनच 'स्वेच्छेने' वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा घातली होती. येन महाग केला तर शुल्काची तलवार म्यान होईल, असे वाटत होते.

ती म्यान झाली नाही, हे सर, आपण वर्गात आवर्जून सांगावे. १९८६मध्ये सेमीकंडक्टरबाबत वेगळा करार करून घेण्यात आला आणि तो नीट पाळला जात नाही म्हणून एप्रिल १९८७मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ३० कोटी डॉलरच्या जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर शंभर टक्के शुल्क लावले. तोवर येन जवळजवळ दीडपटीहून महाग झालेला होता. जपानशी असलेली अमेरिकेची व्यापारतूटही लगेच घटली नाही. १९८५मध्ये ती सुमारे ४६ अब्ज डॉलर होती आणि १९८७मध्ये ५६ अब्ज. चलन महाग झाले की आधीच्याच मालाचे डॉलरमधले बिल फुगते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळायला वर्षे जातात. जपानी कंपन्यांनी मधल्या काळात कारखानेच उचलून ओहायो, केंटकी आणि थायलंडला नेले. त्या वृद्ध गृहस्थांचे कामही शेवटी असेच गेले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मंदीला उतारा म्हणून बँक ऑफ जपानने व्याजदर पाच टक्क्यांवरून फेब्रुवारी १९८७पर्यंत अडीच टक्क्यांवर आणला, स्वस्त पैसा जमिनी आणि शेअर यांत शिरला, २९ डिसेंबर १९८९ला निक्केई हा जपानी शेअर निर्देशांक ३८,९१५वर पोहोचला आणि नंतर कोसळला. तो आकडा पुन्हा पाहायला २०२४ साल उजाडावे लागले. चीनचे धोरणकर्ते जपानचा हा इतिहास बारकाईने वाचतात आणि त्यांच्या देशात अमेरिकेचा एकही तळ नाही. दुसऱ्या प्रश्नाचे माझ्या परीने हेच उत्तर आहे.

निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

वहीचा तपशील फार मोलाचा आहे, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एका मुद्द्यावर मात्र थोडा वेगळा विचार मांडतो. प्लाझामुळे जपानचा फुगा आणि फुगा फुटल्याने हरवलेली दशके, ही साखळी चीनमध्ये ज्या निश्चितपणे सांगितली जाते तितकी पक्की नाही. त्याच खोलीत पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्रीही बसले होते. त्यांचे चलन मार्क हेही डॉलरच्या तुलनेत खूप वधारले, तरी फ्रँकफर्टमध्ये टोकियोसारखा जमिनीचा बाजार पेटला नाही. अडीच टक्क्यांचा व्याजदर बँक ऑफ जपानने मे १९८९पर्यंत तसाच ठेवला. अर्थव्यवस्था तोवर चांगली सावरली होती. येन चढला तो कराराने, फुगा फुगला तो देशांतर्गत निर्णयाने, असे मी म्हणेन.

अमेरिकेची बाजूही वर्गात यायला हवी. डॉलर १९८५पर्यंत इतका चढला होता तो प्रामुख्याने अमेरिकेच्याच धोरणांमुळे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडण्यासाठी व्याजदर आकाशाला भिडवले होते आणि रेगन सरकार करकपात करून मोठी वित्तीय तूट चालवत होते. जगभरचा पैसा व्याजासाठी डॉलरकडे धावला, डॉलर महाग झाला आणि अमेरिकी कारखाने मार खाऊ लागले. दोष जपानच्या पदरात घालणे राजकारणाला सोयीचे होते. आजही अमेरिका आपल्या बचतीहून अधिक खर्च करते तोवर तिची तूट कुठल्या ना कुठल्या देशाशी राहणारच. २०१८नंतर चीनशी असलेली तूट घटली, तेव्हा व्हिएतनाम आणि मेक्सिको यांच्याशी असलेली वाढली.

आयातदार, भोसरी

माझा अनुभव लहान आहे, पण तो आपल्याच भागातला आहे. मी चीनच्या झेजियांग प्रांतातून बेअरिंग आणि लिनियर गाइड आणतो आणि पुण्याच्या परिसरातील मशीन बनवणाऱ्यांना पुरवतो. २०१९च्या सप्टेंबरमध्ये युआन पडल्याच्या बातम्या वाचून मी पुरवठादाराला रीतसर पत्र लिहिले की तुमचे चलन वर्षभरात एवढे स्वस्त झाले आहे, तर आमचा दर कमी करा. उत्तर आले की आमचे दरपत्रक डॉलरमध्ये आहे आणि डॉलर कुठेही हललेला नाही. फार ओढाताण केल्यावर दोन टक्के सूट मिळाली. तोवर रुपयाही घसरला होता, त्यामुळे न्हावाशेवाला कंटेनर उतरला तेव्हा माल मला आधीपेक्षा महागच पडला. दोन देशांच्या भांडणात तिसऱ्याला स्वस्त माल मिळतो असे वर्तमानपत्रांत छापून येते. माझ्या दुकानापर्यंत तो स्वस्तपणा पोहोचला नाही, कारण माझ्या आणि चिनी कारखान्याच्या मधे तिसऱ्याच देशाचे चलन उभे आहे.

वाणिज्य-शिक्षक, सांगली

आपणा सर्वांचा ऋणी आहे. भोसरीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सुचतो. माल चीनचा, ग्राहक पुण्याचा, मग बिल थेट युआनमध्ये का होत नाही? चीनने २०१५मध्ये युआनच्या व्यवहारांसाठी स्वतःची आंतरराष्ट्रीय देयक यंत्रणा सुरू केली, २०१६मध्ये युआनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या चलनसंचात स्थान मिळाले आणि २०१८पासून शांघायमध्ये खनिज तेलाचे वायदे युआनमध्ये होतात. ब्रिक्स देशांनी डॉलरला पर्याय उभा केला तर शंभर टक्के शुल्क लावू, असा इशारा ट्रम्प यांनी २०२४च्या नोव्हेंबरमध्ये दिला, म्हणजे त्यांनाही ही भीती खरी वाटत असणार.

निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

भीती खरी आहे आणि २०२२मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले गेल्यापासून इतर देशांना डॉलरविषयी वाटणारी भीतीही खरी आहे. तरीही जगातील मध्यवर्ती बँकांच्या ज्ञात गंगाजळीत डॉलरचा वाटा अजून निम्म्याहून अधिक आहे आणि युआनचा दोन-तीन टक्के. याचे कारण मी वर सांगितलेल्या २०१५च्या घटनेतच आहे. एखादे चलन जगाने साठवावे असे वाटत असेल, तर ते जगाला हवे तेव्हा आणता आणि नेता आले पाहिजे. चीनमध्ये सामान्य नागरिकाला वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर परकीय चलन सहजी घेता येत नाही. दरवाजा उघडला तर पैसा बाहेर जाण्याचे भय, बंद ठेवला तर युआन जगाचे चलन होण्याची आशा सोडावी लागते. उलट अमेरिकेने दरवाजा सताड उघडा ठेवला आहे आणि त्याची किंमत ती मोजते, कारण जगाला डॉलर पुरवायचे तर डॉलर महाग राहणार आणि ओहायोतला कारखाना त्याखाली दबणार. दोन्ही देशांना दुसऱ्याचा फायदा हवा आहे आणि त्यासोबत येणारी झीज नको आहे.

आयातदार, भोसरी

सर, युआनमध्ये बिल करून पाहिले आहे. २०२२च्या अखेरीस पुरवठादाराने स्वतःहून कळवले की युआनमध्ये पैसे दिलेत तर एक टक्का सूट देऊ. मी बँकेत गेलो. तिथल्या अधिकारीताईंनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. रुपया आणि युआन यांच्यात थेट खरेदी-विक्री जवळजवळ नाहीच, म्हणून आधी रुपयाचे डॉलर करायचे आणि मग डॉलरचे युआन, आणि दोन्ही ठिकाणी बँकेचा फरक लागणार. तीन महिन्यांनंतरच्या देयकासाठी दर आज बांधून घ्यायचा तर त्याचा खर्च वेगळा. सगळे मिळून दीड टक्क्याच्या आसपास गेले. त्या कागदावर वर रुपये होते, खाली युआन होते आणि मधल्या ओळीत डॉलर. मी पुरवठादाराला नकार कळवला आणि पुढचे बिल नेहमीप्रमाणे डॉलरमध्येच आले.